गाईच्या रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकीय खुणा: त्या शोधतात कशा आणि त्यांवर भरवसा किती ठेवावा

नाशिक जिल्ह्यात गोपालनाची दोन वेगळी रूपे शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या गोठ्यांत दुधासाठी पाळलेल्या होल्स्टीन फ्रिजियन, म्हणजे बोलताना सर्वजण ज्यांना एचएफ म्हणतात त्या, आणि जर्सी संकरित गाई असतात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पावसाच्या पट्ट्यात भातखाचरांत राबणारी डांगी जनावरे असतात. गोचीडतापाचा विषय निघाला की दोन्हीकडचे पशुपालक साधारण एकच गोष्ट सांगतात. ताप चढल्यावर संकरित गाय चारा सोडते, खंगत जाते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर दगावते; डांगी गाय मात्र तेच गोचीड अंगावर वागवत चरत राहते. हा फरक जनुकांतला आहे की राहणीतला, आणि जनुकांतला असेल तर कालवड लहान असतानाच तिच्या रक्ताच्या दोन-चार थेंबांवरून तो ओळखता येईल का, हा प्रश्न त्यातून साहजिकच पुढे येतो. हल्ली त्याला ‘येईल’ असे झटपट उत्तर मिळते. ते काही आजारांपुरते खरे आहे, काही आजारांपुरते अर्धवट खरे आहे, आणि परदेशातल्या गाईंवर ठरलेल्या खुणा जशाच्या तशा आपल्या जनावरांना लावल्या तर ते चक्क दिशाभूल करणारेही ठरू शकते.

आधी खूण म्हणजे काय ते पाहू. गाईच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ६० गुणसूत्रे, म्हणजे ३० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आणि दुसरे वळूकडून आलेले असते. या गुणसूत्रांमधील डीएनए हा ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला सुमारे २७० कोटी अक्षरांचा मजकूर आहे. तो जवळजवळ सर्व वाचून २००९ साली प्रसिद्ध करण्यात आला. त्यासाठी निवडलेली गाय हेरफर्ड या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातीची होती, आणि त्या मजकुरात किमान २२ हजार जनुके मोजली गेली. कोणत्याही दोन गाईंचा मजकूर बहुतांश सारखाच असतो, परंतु लाखो ठिकाणी एखादे अक्षर बदललेले असते. अशा बदलांपैकी जो बदल एखाद्या गुणाबरोबर किंवा आजाराबरोबर सातत्याने आढळतो, त्याला जनुकीय खूण म्हणतात.

इथे एक भेद पक्का लक्षात घेतला पाहिजे. काही खुणा स्वतःच आजाराचे कारण असतात, कारण ते एक अक्षर बदलल्यामुळे प्रथिनच बिघडते. बहुतेक खुणा मात्र तशा नसतात. त्या खऱ्या कारणाच्या शेजारी, त्याच गुणसूत्रावर असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबत वारशाने जातात. दुरून देवळाचा कळस दिसला की गाव जवळ आले असे आपण समजतो, पण कळस म्हणजे गाव नव्हे, आणि माळावरच्या एकट्या देवळालाही कळस असतोच. खूण आणि कारण यांचे नातेही असेच असते, आणि ते एका जातीत घट्ट असले तरी दुसऱ्या जातीत तुटलेले असू शकते.

एका अक्षराची चूक: ब्लॅड

खात्रीच्या खुणेचे सर्वांत स्वच्छ उदाहरण एचएफ गाईंमध्येच मिळते. ‘ब्लॅड’ या लघुनावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक विकारात वासराच्या रक्तातील पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटता येत नाही. जखमेच्या किंवा जंतूच्या ठिकाणी पोहोचायचे तर या पेशींनी आधी भिंतीला धरायचे असते आणि मग फटीतून बाहेर पडायचे असते. धरण्याचे हे काम करणाऱ्या प्रथिनाचा सीडी१८ हा भाग या वासरांत सदोष असतो. परिणामी रक्त तपासले तर पांढऱ्या पेशींची संख्या प्रचंड वाढलेली दिसते, पण त्या पेशी जिथे हव्यात तिथे नसतात. वासराला वारंवार न्यूमोनिया, हगवण आणि तोंडात व्रण होतात, जखमा भरत नाहीत, वाढ खुंटते आणि बहुतेक वासरे लहानपणीच मरतात. पशुपालकाला मात्र ‘वासरू अशक्त होते, टिकले नाही’ एवढेच दिसते.

अमेरिकेतील संशोधकांनी १९९२ मध्ये या विकाराचे मूळ कारण दाखवून दिले. सीडी१८ च्या जनुकातील ३८३ व्या जागी ए ऐवजी जी हे अक्षर आले होते, आणि त्यामुळे प्रथिनातील १२८ व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसिन बसले होते. सदोष जनुकाचा माग काढता काढता तो ऑसबोर्नडेल आयव्हनहो या १९५० च्या दशकातील नामांकित होल्स्टीन वळूपर्यंत पोहोचला. त्याचे वंशज दुधासाठी इतके सरस होते की त्यांच्या रेतमात्रा जगभर वापरल्या गेल्या, आणि त्या अभ्यासाच्या वेळी तपासलेल्या अमेरिकी होल्स्टीन वळूंपैकी १४.१ टक्के आणि गाईंपैकी ५.८ टक्के जनावरे या दोषाची वाहक निघाली. वाहक जनावराकडे एक चांगली आणि एक सदोष प्रत असते, त्यामुळे ते स्वतः धडधाकट असते. दोन वाहकांचा संयोग झाला तरच दर वेळी वासरू आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. भारतातील होल्स्टीन आणि होल्स्टीन-संकरित वळूंच्या तपासण्यांतही वाहक आढळले आहेत. म्हणूनच रेतमात्रा तयार करणाऱ्या केंद्रांसाठी केंद्र सरकारने घालून दिलेल्या निकषांत होल्स्टीन वळूंची ब्लॅडसाठी तपासणी समाविष्ट आहे.

या खुणेची तपासणी एवढी सोपी आहे की ती इथे सांगणे योग्य ठरेल. डीएनए विशिष्ट ठिकाणी कापणारी काही विकरे (एन्झाइम) असतात. टॅक-वन हे विकर ‘टीसीजीए’ ही अक्षरे सलग दिसली तरच तिथे काप देते. निर्दोष जनुकात नेमकी ही अक्षरे आहेत. सदोष जनुकात ती ‘टीसीजीजी’ होतात आणि विकर तिथे कापतच नाही. त्या जागेच्या आजूबाजूचा डीएनएचा तुकडा काढून त्यावर हे विकर टाकले, तर निर्दोष जनावराचा तुकडा दोन भागांत तुटतो, रुग्ण वासराचा अखंड राहतो आणि वाहक जनावरात तुटलेले व अखंड असे दोन्ही तुकडे दिसतात. इथे अंदाजाला जागाच नाही. रोगप्रतिकाराच्या सर्वच खुणा इतक्या सरळ असत्या तर हा लेख इथेच संपला असता.

तेविसाव्या गुणसूत्रावरील गुंता

बहुतेक संसर्गजन्य आजारांत, मग तो कासदाह असो, गोचीडताप असो वा क्षय, एकच जनुक निर्णायक नसते. तरीही संशोधकांची नजर सर्वांत आधी ज्या जागेकडे वळते ती आहे गाईच्या २३ व्या गुणसूत्रावरील ‘बोला’ नावाचा जनुकसमूह. माणसात अवयवरोपणाच्या वेळी दाता आणि रुग्ण यांचे जे ‘एचएलए’ जुळवून पाहतात, त्याचेच हे गाईतील रूप, आणि त्याचे वर्णन १९७८ च्या सुमारास प्रथम झाले.

या जनुकांपासून तयार होणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर बसतात. प्रत्येक प्रथिनाच्या माथ्यावर एक खाच असते. पेशीच्या आत तुकडे-तुकडे झालेल्या प्रथिनांचे अंश या खाचेत बसवून बाहेर मांडले जातात आणि टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी ते अंश तपासत फिरतात. अंश शरीराच्या स्वतःच्या प्रथिनाचा असेल तर त्या पुढे जातात. विषाणूचा किंवा जंतूचा असेल तर प्रतिकाराला सुरुवात होते. पहिल्या वर्गाची बोला प्रथिने पेशीच्या आत शिरलेल्या विषाणूचे अंश मांडतात आणि त्यावर मारक टी पेशी ती लागण झालेली पेशीच नष्ट करतात. दुसऱ्या वर्गाची प्रथिने बाहेरून गिळलेल्या जंतूंचे अंश मांडतात आणि त्यावर साहाय्यक टी पेशी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करण्याचा इशारा देतात. टी पेशी परका अंश सुटा ओळखत नाहीत, तो आपल्याच शरीराच्या खाचेत बसलेला असावा लागतो, हा शोध रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांचा. त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यांतील डोहर्टी हे शिक्षणाने पशुवैद्यक होते, ही गोष्ट पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की ही खाच सर्व गाईंत सारखी नसते. दुसऱ्या वर्गातील डीआरबी३ हे जनुक यात सर्वांत बहुरूपी आहे. त्याची तीनशेहून अधिक रूपे आजवर नोंदली गेली आहेत आणि त्यांतील बहुतेक फरक त्या जनुकाच्या दुसऱ्या खंडात, म्हणजे नेमके खाचेचा आकार ठरवणाऱ्या भागात एकवटले आहेत. एखाद्या गाईच्या खाचेत एका जंतूचा अंश घट्ट बसतो, दुसरीच्या खाचेत तो टिकतच नाही. पहिली गाय त्या जंतूला लवकर ओळखते, दुसरीला वेळ लागतो. पण पहिलीची खाच दुसऱ्या एखाद्या जंतूच्या बाबतीत कुचकामी असू शकते. त्यामुळे सर्व आजारांवर चालणारे ‘चांगले’ डीआरबी३ असे काही नसते, आणि तसा दावा कोणी केला तर तो तपासून घ्यावा. आईकडून एक आणि वळूकडून दुसरे असे दोन भिन्न रूपांचे जनुक मिळालेल्या गाईकडे दोन प्रकारच्या खाचा असतात, म्हणून तिला अधिक प्रकारच्या जंतूंचे अंश मांडता येतात. एकाच वळूच्या रेतमात्रा पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या की नात्यातली पैदास वाढते आणि ही विविधताच सर्वांत आधी आटते.

पहिल्या वर्गाची जनुके वाचणे आणखी अवघड आहे. त्यांतील सहा जनुके ओळखली गेली आहेत, पण एका गुणसूत्रावर प्रत्यक्षात एक, दोन किंवा तीनच कार्यरत सापडतात, आणि कोणती सापडतील हेही प्रत्येक जनावरात वेगळे असते. म्हणजे पुस्तकात पाने किती आहेत हेच जिथे निश्चित नाही, तिथे एखाद्या अक्षरावर बोट ठेवणे कठीण होते. याच कारणाने आजवरचे बहुतेक अभ्यास डीआरबी३ या एका जनुकाभोवती फिरत राहिले, आणि कधीकधी त्याला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त श्रेय मिळाले, असे माझे मत आहे.

प्रयोगशाळेत काय करतात

सुरुवातीच्या काळात डीएनए वाचण्याची सोय नव्हती, तेव्हा व्यालेल्या गाईंच्या रक्तद्रवाचा उपयोग केला जाई. वासराच्या पेशींवर वळूकडून आलेली बोला प्रथिनेही असतात. ती आईच्या शरीराला परकी वाटतात आणि अनेक वेते झालेल्या गाईच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. अशा प्रतिपिंडांची दुसऱ्या जनावराच्या पेशींवर काय प्रतिक्रिया होते यावरून त्याचा बोला प्रकार ठरवत. पद्धत हुशारीची होती, पण सूक्ष्म फरक तिच्या हाती लागत नसत.

आज जनावराच्या मानेच्या शिरेतून थोडे रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या नळीत घेतात आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. मुळासकट उपटलेले शेपटीचे केसही चालतात. त्यातून डीएनए वेगळा केल्यावर पीसीआर यंत्रात हवा तेवढाच तुकडा वाढवला जातो. यंत्र मिश्रण सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवते तेव्हा डीएनएचे दोन धागे सुटतात, थंड केल्यावर निवडलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना लहान आरंभक तुकडे चिकटतात, आणि ७२ अंशांच्या आसपास विकर त्यांच्यापासून नवा धागा विणते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, म्हणजे तीस फेऱ्यांत एका प्रतीपासून तत्त्वतः शंभर कोटींहून अधिक प्रती मिळतात. १९९२ पासून डीआरबी३ च्या दुसऱ्या खंडाचा असा तुकडा वाढवून तो वेगवेगळ्या विकरांनी कापायचा आणि तुकड्यांच्या लांबीवरून रूप ओळखायचे, ही पद्धत रूढ झाली. ती स्वस्त असल्याने आपल्याकडच्या विद्यापीठांतील प्रबंधांमध्ये ती बराच काळ दिसते. मात्र विकर जिथे कापत नाही तिथले बदल तिला दिसत नाहीत. म्हणून आता तुकड्यातील अक्षरे थेट वाचतात आणि सापडलेल्या रूपाला ‘डीआरबी३*००९:०२’ अशा धर्तीचा क्रमांक आंतरराष्ट्रीय नोंदवहीत दिला जातो. एखादा जुना अभ्यास वाचताना त्यातील क्रमांक जुन्या पद्धतीचा आहे की नव्या, हे पाहिल्याशिवाय दोन अभ्यासांची तुलना करू नये.

तिसरी वाट चिपची. काचेच्या छोट्या पट्टीवर हजारो निवडक जागांची अक्षरे एकाच वेळी वाचता येतात. परदेशी दुधाळ जातींसाठी सुमारे ५४ हजार आणि पुढे ७ लाख ७७ हजार जागा वाचणाऱ्या चिप निघाल्या, पण त्यांतील जागा मुख्यतः युरोपीय गाईंमध्ये बदलणाऱ्या होत्या. वशिंड असलेली भारतीय गाय आणि युरोपीय गाय ही दोन स्वतंत्र वंशांची जनावरे आहेत, वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळवलेली. युरोपीय जातींत बदलती असलेली जागा आपल्या गाईंत अनेकदा सरसकट एकाच अक्षराची निघते, मग तिथून काहीच कळत नाही. ही उणीव ओळखून हैदराबादच्या राष्ट्रीय पशुजैवतंत्रज्ञान संस्थेने देशी गाईंसाठी ११,४९६ खुणांची ‘इंडिगौ’ ही चिप तयार केली आणि ती ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाली. त्यानंतर ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे अनावरण झाले.

खूण आणि आजार यांची गाठ कशी घालतात

चिप अक्षरे सांगते, आजार सांगत नाही. आजाराची माहिती गोठ्यातून यावी लागते, आणि खरा अवघड भाग तिथे सुरू होतो. साधारण रीत अशी की आजारी पडलेली आणि न पडलेली जनावरे घ्यायची, सर्वांची चिप वाचायची आणि प्रत्येक जागी कोणते अक्षर कोणत्या गटात किती वेळा आले ते ताडून पाहायचे. यात पहिला धोका निव्वळ योगायोगाचा असतो. योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांहून कमी दिसली की निष्कर्ष मान्य, हा नेहमीचा निकष ११,४९६ जागांना लावला, तर कोणत्याही जागेचा आजाराशी काडीचा संबंध नसतानाही सुमारे ५७५ जागा ‘सापडतील’. म्हणून अशा अभ्यासांत निकष कित्येक पटींनी कडक ठेवतात, आणि कडक निकषात टिकायचे तर जनावरे शेकड्यांनी नव्हे, हजारांनी लागतात. तीस-चाळीस गाईंवरून प्रतिकाराचे जनुक सापडल्याची बातमी वाचली की म्हणूनच सावध व्हावे.

दुसरा धोका नाशिकसारख्या जिल्ह्यात फारच खरा आहे. समजा, एखाद्याने गोचीडतापाने आजारी पडलेल्या दोनशे गाई गोळा केल्या आणि त्यांतील बहुतेक सिन्नरच्या संकरित निघाल्या. निरोगी दोनशे गोळा केल्या आणि त्यांतील बहुतेक इगतपुरीच्या डांगी निघाल्या. आता एचएफ आणि डांगी यांच्यात जिथे जिथे फरक आहे ती प्रत्येक जागा आजाराशी जोडलेली दिसेल. कातडीच्या रंगाचे जनुक, वशिंडाचे जनुक, शिंगांच्या ठेवणीचे जनुक, सगळेच प्रतिकाराचे जनुक ठरेल. गणिताने हा गोंधळ काही अंशी निस्तरता येतो, पण खरा उपाय म्हणजे एकाच जातीच्या, शक्यतो एकाच गोठ्यातल्या आणि एकाच हंगामातल्या आजारी व निरोगी जनावरांची तुलना करणे.

याहूनही बारीक एक प्रश्न आहे. गाय आजारी पडली नाही, याची कारणे तीन असू शकतात: तिला गोचीड लागलेच नाहीत, गोचीड लागले पण त्यांत थायलेरिया हा रोगकारक परजीवी नव्हता, किंवा परजीवी शरीरात शिरला आणि तिच्या प्रतिकारशक्तीने त्याला आटोक्यात ठेवले. जनुकीय खूण शोधायची आहे ती तिसऱ्या कारणाची. डांगी जनावरांच्या कातडीतून तेलकट स्राव निघतो आणि त्यामुळे मुसळधार पावसातही ती काम करू शकतात, हे सर्वश्रुत आहे. अशा जातीत कातडीचा वाटा किती आणि रक्तातील पेशींचा वाटा किती, हे वेगळे काढल्याशिवाय प्रतिकाराचे श्रेय बोला जनुकांना देणे घाईचे ठरेल. एडिंबरोच्या रोझलिन संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने नमुनेदार आहे. त्यांनी साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना थायलेरियाची सारखीच मात्रा देऊन लागण केली, म्हणजे गोचीड कोणाला कमी-जास्त लागले हा प्रश्नच उरला नाही. साहिवाल वासरांना ताप कमी आला, रक्तात परजीवी कमी राहिले आणि ती औषधाविना सावरली, तर होल्स्टीन वासरांमध्ये आजार तीव्र झाला. फरक शरीराच्या आतला आहे, हे त्यातून सिद्ध झाले. तो कोणत्या जनुकांमुळे, हा त्यापुढचा आणि अधिक लांबचा टप्पा आहे.

जिथे खूण उपयोगी पडली

खुणांवर सारखी शंकाच घ्यावी असे मात्र नाही. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर ब्राह्मन जातीच्या गाईंना डर्माटोफायलस जंतूचा गंभीर त्वचारोग होई आणि गोचिडांमुळे तो अधिक बळावे. फ्रेंच संशोधकांना तिथे डीआरबी३ आणि दुसऱ्याच वर्गातील डीक्यूबी या जनुकांच्या रूपांची विशिष्ट जोडी या रोगाला बळी पडणाऱ्या जनावरांत वारंवार आढळली. त्या जोडीची जनावरे पैदाशीतून वगळत गेल्यावर पाच वर्षांत रोगाचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. बेट लहान, कळप मर्यादित, जात एक, रोग डोळ्यांना दिसणारा आणि नोंदी चोख, या सर्व गोष्टी एकत्र आल्यामुळे हे घडले.

दुसरे उदाहरण जपानचे. गाईंमधील ल्युकेमिया विषाणूची लागण झालेली बहुतेक जनावरे आयुष्यभर निरोगी दिसतात. सुमारे तिसऱ्या हिश्शात पांढऱ्या पेशी वाढतात आणि १ ते ५ टक्के जनावरांना गाठींचा कर्करोग होतो. डीआरबी३*००९:०२ हे रूप असलेल्या गाईंच्या रक्तात या विषाणूचा भार फार कमी राहतो आणि *०१६:०१ रूप असलेल्यांत तो वाढतो, असे तिथल्या अभ्यासांतून दिसले. भार कमी असलेल्या गाईपासून शेजारच्या गाईला लागण होण्याची शक्यताही घटते. म्हणजे ही खूण एका जनावराच्या आरोग्यापुरती न राहता गोठ्यात कोणाला कोणाशेजारी बांधावे, हे ठरवण्याच्या कामीही येऊ शकते.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात बॉनी मॅलार्ड यांनी निराळाच रस्ता धरला. कासदाहासारख्या आजारात गाई-गाईंमधल्या फरकाचा जेमतेम पाच टक्के किंवा त्याहून कमी वाटा आनुवंशिक असतो. बाकी सगळा गोठ्याची स्वच्छता, दूध काढण्याची पद्धत, वेत आणि ऋतू यांचा. मग आजाराची वाट पाहण्यापेक्षा जनावराला निरुपद्रवी परके पदार्थ टोचून किती प्रतिपिंडे तयार होतात आणि कातडीवर किती सूज येते हेच मोजावे, असा त्यांचा विचार होता. या मोजमापांत आनुवंशिक वाटा २५ ते ३० टक्क्यांपर्यंत भरतो, म्हणजे जवळजवळ दुधाच्या उत्पादनाइतका. आपल्याकडच्या तुलनेने लहान कळपांसाठी मला ही पद्धत चिपहूनही आधी विचारात घेण्यासारखी वाटते, कारण मोजायची गोष्ट इथे निश्चित असते.

नाशिकमधून काय हवे

एचएफ संकरित गाई असलेल्या पशुपालकाला आजच करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे कृत्रिम रेतन करून घेताना वळू ब्लॅडमुक्त असल्याची खात्री मागणे आणि त्या वळूचा क्रमांक लिहून ठेवणे. गाईचा बाप असलेलाच वळू तिच्यासाठी पुन्हा वापरला जात नाही ना, हेही त्या नोंदीवरूनच कळते. डीआरबी३ ची तपासणी करून गाय विकत घ्यावी की नाही, अशी विचारणा आता होऊ लागली तर तिचे उत्तर तूर्त नकारार्थीच द्यावे लागेल. विकत घेण्याच्या निर्णयात त्या पैशांत क्षय आणि सांसर्गिक गर्भपात यांच्या चाचण्या करून घेणे कितीतरी शहाणपणाचे आहे.

डांगीबाबत काम करायचे तर रक्ताच्या नळ्या जमवण्याच्या आधी नोंदवही तयार हवी. जनावराच्या कानातील बारा आकडी बिल्ल्यामुळे प्रत्येक जनावराची ओळख आता पक्की आहे, ही मोठी सोय झाली. त्या क्रमांकापुढे आई कोण आणि वळू कोणता, गोचीड किती आणि कोणत्या महिन्यात, ताप आला त्या दिवशी रक्ताची काचपट्टी तपासून थायलेरिया दिसला की नाही, औषध दिले का, हे लिहिले गेले पाहिजे. डोंगराकडच्या कळपांत वळू सामाईक असतो आणि पितृत्व सांगता येत नाही, पण ती उणीव डीएनए तपासणीतूनच भरून निघते. तापाची तारीख मात्र कोणत्याही प्रयोगशाळेला नंतर शोधून काढता येत नाही.

२०२२ च्या लम्पी साथीत शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचण्यात आली. त्या साथीत कोणत्या गाई वाचल्या याचा जनुकीय अभ्यास आज करायला घेतला, तर प्रत्येक जनावराला लस कोणत्या तारखेला दिली आणि त्या गोठ्यात पहिला रुग्ण कोणत्या तारखेला दिसला, या दोन तारखांशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही, कारण गाय जनुकांमुळे वाचली की लशीमुळे हे त्यांच्याविना सांगताच येत नाही. शिवाय दवाखान्याच्या वहीत नाव येते ते आजारी जनावराचे. त्याच दावणीला, त्याच दिवशी, शेजारी बांधलेल्या आणि आजारी न पडलेल्या गाईचा बिल्ला क्रमांक उतरवून घेण्याची रीत आपल्याकडे नाही, आणि तुलनेसाठी नेमकी तीच गाय लागते.